ब्रेक पॅड नक्की कधी बदलायचे? सर्व्हिस सेंटर म्हणतंय आत्ताच, गाडी म्हणतेय काहीच नाही

चाकरमानी_ठाणे

नमस्कार मंडळी. गणपतीला गावी जायचंय, गुहागरकडे, म्हणून गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. पेट्रोल हॅचबॅक, पाच वर्षं जुनी, ३८ हजार किमी, बहुतेक सगळं घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधलं. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, मग धागा तिकडेच जातो.) दुपारी अ‍ॅडव्हायजरचा फोन, "सर फ्रंट पॅड २० टक्के राहिलेत, डिस्कवर पण लाइन्स आल्यात, दोन्ही चेंज करून घ्या, घाटात रिस्क नको." एस्टिमेट अकरा हजारांच्या आसपास. मी म्हटलं थांबा, विचार करून सांगतो, आणि गाडी तशीच घेऊन आलो.

आता गाडीला काहीही होत नाहीये हो. ब्रेक नीट लागतात, आवाज नाही, पेडल नेहमीसारखं. पण "घाटात रिस्क नको" म्हटलं की बायको तिथेच पैसे भरायला सांगते, आणि तिचंही चूक नाही, मागे पोरं बसणार आहेत. कशेडीला बोगदा झाला तरी परशुराम घाट आहेच. तर पॅड बदलायची वेळ ठरवायची कशी, किलोमीटरवर, आवाजावर का ते सांगतील त्या टक्क्यांवर? आणि पॅडबरोबर डिस्क बदलावीच लागते का?

टॉप_गिअर_नाही

पॅड ४० हजारला बदलायचे, सिंपल. माझे तेव्हाच बदलले. डिस्क वगैरे कमिशनसाठी सांगतात, कानाला खडा.

मंजिरी_के

४० हजार हा आकडा कुठून आला? माझ्या आधीच्या गाडीचे २८ हजारलाच संपले होते (ऑटोमॅटिक, पुण्यातलं हिंजवडी ट्रॅफिक), आणि भावाची गाडी कायम नाशिक-धुळे हायवेला पळते, त्याचे ६० हजारच्या पुढे गेले. किमीचा उपयोग एवढाच की तेवढं झालं की एकदा बघायला सुरुवात करावी.

मिस्त्री_मिरज

गॅरेज आहे माझं, मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ताईंचं बरोबर आहे. आणि त्या "२० टक्के" वर जाऊ नका, विचारायचं की किती मिलिमीटर राहिलेत. टक्के कशाचे तेच कुणी सांगत नाही. नवीन पॅडवर घासणारं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं. कोणी १० धरून २० टक्के म्हणजे २ मिमी सांगतो, कोणी बदलायची मर्यादा वजा करून उरलेल्याचे २० टक्के सांगतो, म्हणजे साडेतीनच्या पुढे जातं. ह्या दोन आकड्यात लय फरक आहे. २ मिमी असेल तर गाडी गॅरेजातनं बाहेर काढू नका, साडेतीन असेल तर शहरात अजून काही महिने चालतील.

बहुतेक मॅन्युअलमधे शेवटची मर्यादा २ मिमीच्या आसपास दिलेली असते, आम्ही ३ ला बदलायला सांगतो. आणि मोजताना लोखंडी प्लेट धरून मोजू नका. पॅडच्या मागची ती स्टीलची प्लेटच पाच-सहा मिमी जाड असते. गिऱ्हाईक टॉर्च मारून बघतं आणि म्हणतं "भाऊ एवढे जाड आहेत की अजून", आणि ते जे जाड दिसतंय ती निम्म्याहून जास्त प्लेटच असते. मटेरियल आणि प्लेट यांच्यामधे एक बारीक रेघ दिसते बघा, तिथपासून डिस्कपर्यंत मोजायचं.

दुसरं, बाहेरचा पॅड बघून निकाल देऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. साध्या गाड्यांना पॅड दाबणारा पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या, आणि कॅलिपर (डिस्कवर बसलेला, दोन्ही पॅड धरणारा भाग) दोन पिनांवर सरकतो म्हणून बाहेरचा पॅड पण दाबला जातो. त्या पिना गंजल्या किंवा ग्रीस सुकलं की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. बाहेरनं ५ मिमी दिसतोय आणि आतला टेकलाय, अशा गाड्या पावसाळ्यानंतर बऱ्याच येतात. आतला बघायला चाक काढावंच लागतं. फार तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून मागनं मोबाईल आत घालून फोटो काढा, कधी कधी दिसतो.

चाकरमानी_ठाणे

बापरे, हे प्लेटचं माहीतच नव्हतं. माझी स्टीलची रिम आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर, त्यामुळे बाहेरूनही काही दिसत नाही. पण आवाज यायला पाहिजे ना? कुठेतरी वाचलं होतं की पॅड संपले की शिट्टी वाजते.

घाटवेडा

शिट्टीबद्दल मी सांगतो, कारण ह्यावर सगळ्यात जास्त गोंधळ असतो. बऱ्याच पॅडना स्प्रिंग स्टीलची एक छोटी वाकडी पट्टी असते, मटेरियल दोन-तीन मिमीवर आलं की ती पट्टी डिस्कला घासायला लागते आणि बारीक टोकदार चीं आवाज सुरू होतो. गंमत म्हणजे हा आवाज बरेचदा ब्रेक न दाबता, नुसतं हळू जाताना येतो आणि ब्रेक हलका दाबला की थांबतो, त्यामुळे माणसाला वाटतं ब्रेकचा काही संबंधच नाही. काच खाली करून भिंतीच्या किंवा डिव्हायडरच्या कडेने हळू चालवा, लगेच ऐकू येतं.

पण ती पट्टी प्रत्येक पॅडला नसते, स्वस्तातल्या पॅडना तर बरेचदा नसतेच, आणि असली तरी चारही पॅडना असेल असं नाही. म्हणजे शिट्टी आली तर पॅड बघा, पण नाही आली म्हणून पॅड चांगले आहेत असं अजिबात नाही. शिट्टीच्या पुढचा टप्पा म्हणजे खरखर, लोखंडाला लोखंड, तो आवाज आला की पॅड गेले आणि डिस्कही गेली समजा, मग दोन हजारांचं काम आठ-दहा हजारांवर जातं.

आणि उलटही. प्रत्येक आवाज म्हणजे पॅड नव्हे. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, पहिले दोन-चार ब्रेक खर्र करतात आणि मग बंद, हे नॉर्मल आहे. आणि कच्च्या रस्त्यावरून आल्यावर एकदम भयानक, पत्रा फाडल्यासारखा आवाज यायला लागला तर डिस्क आणि तिच्या मागचं पत्र्याचं कव्हर यांच्यात खडा अडकलेला असण्याची शक्यता जास्त. थोडं रिव्हर्स-पुढे केलं तर पडतो, नाहीतर मेकॅनिक ते कव्हर जरासं वाकवून काढून देतो. ताम्हिणीत एकाला ह्या खड्यासाठी नवे पॅड गळ्यात मारले होते, खडा तसाच.

टॉप_गिअर_नाही

आमच्या इथे सर्व्हिसला दर वेळी "ब्रेक क्लीनिंग" म्हणून पैसे लावतात आणि पॅडला पॉलिश पेपर मारून देतात. त्याने पॅड लवकर संपत नाहीत का?

मिस्त्री_मिरज

पेपर हलका मारला तर काही बिघडत नाही, वरचा चकाकी आलेला थर जातो आणि आवाज थांबतो. दर वेळी जोरात घासायची गरज नाही. खरं क्लीनिंग म्हणजे पिना काढून पुसून ब्रेकचंच ग्रीस लावणं (साधं चालत नाही, रबर फुगतं), आणि पॅड जिथे बसतात तिथला गंज काढणं. ते कोण करत नाही, पेपर मारणं दिसतं म्हणून पेपर मारतात. आणि हवा मारून धूळ उडवू देऊ नका, नाकातोंडात जाते ती, ब्रेक क्लीनर स्प्रेने धुवा.

टेम्सकाठचा

इथे यूकेत हे वाद बरेच कमी होतात कारण गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी टेस्ट लागते, त्यात पॅडचं मटेरियल १.५ मिमीच्या खाली गेलं की थेट फेल. त्याआधी "पॅड पातळ होत आलेत" अशी अ‍ॅडव्हायजरी कागदावर लिहून मिळते, मग माणूस निवांत दोन ठिकाणी भाव विचारून बदलतो. आपल्याकडे खाजगी गाडीची फिटनेस एकदम पंधरा वर्षांनी, आणि पीयूसी तर फक्त धूर बघतं. म्हणजे मधली पंधरा वर्षं सगळं तुमच्यावर आणि तुमच्या मेकॅनिकवर. बाकी त्या पिना गंजण्याचं इकडेही तेच, थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्याने. कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनीही लक्ष ठेवायला हवं.

पण १.५ हा "ह्याच्या खाली रस्त्यावर आणू नका" असा आकडा आहे, तिथपर्यंत वाट बघा असा नाही.

घाटवेडा

अगदी हेच लिहायला आलो होतो. चाकरमानीभाऊ, किती मिमी राहिलेत एवढाच प्रश्न नाही, पुढे कुठला रस्ता आहे ते पण धरा. ३ मिमी पॅडवर ठाण्यात ऑफिसला जायला काहीच अडचण नाही. तेच ३ मिमी, पाच माणसं, डिकी भरलेली, वर कॅरिअरवर सामान, आणि परशुराम किंवा कुंभार्ली उतरायचाय, तर मी बदलूनच जाईन. ब्रेक लावला की गाडीचा सगळा जोर उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमधे जातो, आणि पॅड जाड असला तर तो मधे आडोसा म्हणून काम करतो. पातळ झाला की तीच उष्णता प्लेटमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलला लागते. ऑइल जुनं असेल तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं. नवीन डॉट ३ ग्रेडच्या ऑइलचा उकळबिंदू निदान २०५ अंश असावा लागतो, पाणी मुरलेल्याचा १४० धरतात, डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल एकदा उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली. घाटात ब्रेक फेल झाला असं आपण ऐकतो त्यातल्या काही केस ह्याच असणार, पॅड पूर्ण संपलेले असायची गरजच नाही.

म्हणून पॅड बदलताना ऑइल शेवटचं कधी बदललं तेही बघा, साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आणि उतारावर न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवणाऱ्यांना माझा साष्टांग. गिअरमधे उतरवली तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्या उतारावर इंधन जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलने वाचत काही नाही, फक्त ब्रेक भाजतात.

मंजिरी_के

+१. माझ्या एएमटीला (गिअर आपोआप बदलणारी गाडी) घाटात मॅन्युअल मोडमधे टाकून दुसऱ्या-तिसऱ्यावर धरते. ड्राइव्हमधे ठेवली तर उतारावर वरचा गिअर टाकत बसते आणि पाय सारखा ब्रेकवर.

टॉप_गिअर_नाही

मंजिरी भाऊ, एएमटी घेतलीच कशाला मग, मॅन्युअल घ्यायची ना :)

मंजिरी_के

भाऊ नाही, ताई. आणि हिंजवडीत रोज संध्याकाळी क्लच दाबून बघा, मग बोलू.

अवांतर राहू दे. ब्रेक ऑइलच्या डबीवरूनही अंदाज येतो का? माझी मिन आणि मॅक्सच्या मधे, पण पूर्वीपेक्षा खाली आली आहे. टॉप अप करू का?

मिस्त्री_मिरज

करू नका ताई, आधी पॅड बघा. पॅड झिजतील तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरतं, म्हणून डबीतली लेव्हल हळूहळू खाली येते. गळती नसताना हळू खाली आली तर बहुतेक पॅड झिजल्याचंच ते चिन्ह. तुम्ही वरून भरलं आणि मग नवीन पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की ते ऑइल डबीतून वर येऊन सांडतं, आणि ब्रेक ऑइल बोनेटखालच्या रंगावर पडलं तर रंग उचलतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी मारायचं.

पण लेव्हल झटपट खाली जात असेल, किंवा मिनच्या खाली असेल आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसत असेल तर ती गळती आहे, तेव्हा गाडी चालवूच नका. डॅशबोर्डवरचा तो लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक खाली करूनही विझत नसेल तरी तेच. तो दिवा बहुतेक गाड्यांत ऑइल कमी झालं म्हणून लागतो, पॅड संपले म्हणून नाही. पॅडमधे वायर असलेला सेन्सर महागड्या गाड्यांत असतो, आपल्या हॅचबॅकमधे शोधू नका.

कोल्हापुरी_बॅटरी

माझी ईव्ही आहे, पॅड जवळजवळ नवेच दिसतात कारण निम्म्याहून जास्त ब्रेकिंग मोटरच करते. पण प्रॉब्लेम उलटाच, डिस्क वापरातच येत नाही म्हणून पावसाळ्यात गंजून खडबडीत झाली आणि ब्रेक लावला की घरघर. आता आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर रीजन (मोटरचं ब्रेकिंग) शून्यावर ठेवून चार-पाच नीट ब्रेक मारतो, डिस्क स्वच्छ राहते. ईव्हीवाल्यांनी पॅड "संपत नाहीत" म्हणून चाक न काढता वर्षानुवर्षं बसू नये, पिना तिथेही अडकतात.

चाकरमानी_ठाणे

मंडळी, अपडेट. आमच्या इथल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जाऊन समोर उभा राहून चारही चाकं काढायला लावली आणि सोबत मुलाच्या कंपासमधली पट्टी नेली होती (व्हर्नियर त्याच्याकडे होताच, हसला माझ्यावर). उजवीकडे बाहेरचा साडेचार, आतला चार. डावीकडे बाहेरचा जवळजवळ पाच आणि आतला दोनला टेकलेला, तोही तिरका झिजलेला, वर दोन आणि खाली अजून कमी. मिस्त्रींनी लिहिलं तसंच, डावीकडची खालची पिन हलतच नव्हती, पाना लावून फिरवून काढली तर पूर्ण तांबडी, आणि तिचं रबरी बूट फाटलेलं. म्हणजे सर्व्हिस सेंटरचं पॅड बदला हे खरं होतं, पण पिनेचं कुणी बोललं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं तसे नुसते पॅड आणि डिस्क बदलून दिले असते तर नवीन पॅडही तसाच तिरका झिजला असता.

आता डिस्कचं सांगा. रेघा आहेत, नख फिरवलं तर जाणवतात पण अडकत नाही. गॅरेजवाला म्हणतो ठेवा.

मिस्त्री_मिरज

ठेवा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, गंज पुसला की वाचता येतो. नवीन आणि किमान यात सहसा दोनच मिमीचा फरक असतो, त्यामुळे डोळ्याने कळत नाही, व्हर्नियरने मोजायला लागतं, आणि कडेला जी न झिजलेली धार राहते ती सोडून आत मोजायचं. आकड्याच्या वर असेल, तडा नसेल आणि ब्रेक मारताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत नसेल तर नुसत्या रेघांसाठी डिस्क बदलायची नाही. थरथरत असेल तर लेथवर फेसिंग (घासून सपाट) करून मिळते, पण फेसिंगनंतरही किमानच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर नवीनच.

पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदम बदला, एकाच बाजूचे टाकलेत तर ब्रेकला गाडी एका बाजूला ओढेल. बिल आणि सील असलेला डबा बघूनच घ्या, पॅडमधे नकली माल फार आहे. जुन्या पॅडच्या मागची पातळ शीट आणि क्लिपा नवीनला बसवल्या का तेही बघा, त्या राहिल्या की नवीन पॅड चींचीं करतात आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

घाटवेडा

आणि गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्यांदा हलवायच्या आधी उभ्या जागी पेडल चार-पाच वेळा दाबून घ्या. पिस्टन मागे ढकललेला असतो त्यामुळे पहिलं पेडल सरळ खाली जातं. गॅरेजच्या रॅम्पवरून रिव्हर्स घेताना हे कळणं बरं नव्हे. मग नवीन पॅड डिस्कवर नीट बसायला मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरून १५-२० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मधे गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा. पहिले दोन-तीनशे किमी कचकन ब्रेक टाळा. म्हणजे निघायच्या आदल्या रात्री पॅड टाकून थेट गुहागरला नको, आठवडाभर आधी टाका.

चाकरमानी_ठाणे

पॅड, दोन्ही बाजूच्या पिनांचं किट आणि ब्रेक ऑइल, सगळं मिळून एस्टिमेटच्या निम्म्यातही नाही झालं. डिस्क आकड्याच्या वर भरली, ठेवली. डावीकडचा जुना पॅड बायकोला दाखवायला घरी आणलाय.

मंजिरी_के

छान झालं. मला एक राहिलंच, मागचे ब्रेक कुणी बोललंच नाही. मागे ड्रम आहेत, ते कधी बघायचे? हँडब्रेक आता बराच वर ओढावा लागतो.

मिस्त्री_मिरज

मागे भार कमी येतो, ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, म्हणून लायनर (ड्रमला आतून घासणारं मटेरियल) पॅडपेक्षा बरेच जास्त टिकतात, पुढचे दोनदा बदलून झाले तरी मागचे पहिलेच असतात. पण ड्रम बंद असतो, बाहेरनं काही कळत नाही, म्हणून पॅड बदलताना एकदा खोलून आतली काळी पूड काढायला सांगा. हँडब्रेक वर यायला लागला म्हणजे लायनर झिजलेत किंवा केबल ताणली गेलीय. काही लोक लायनर न बघता नुसती केबल टाइट करून देतात, तसं करू देऊ नका, आधी लायनर सेट, मग केबल. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. तुमची एएमटी आहे, ती कशी उभी करायची ते मॅन्युअलमधे बघा, चाकाला दगड मात्र लावाच. आणि ड्रम खोलल्यावर आतला व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा) ओला दिसला तर नुसते लायनर बदलून भागत नाही, सिलिंडरही करून घ्या, नाहीतर ऑइल गळून नवीन लायनर तेलकट होतात आणि परत तेच काम निघतं.